‘मी मेलो’ : व्हिडिओ खेळांच्या आठवणींतील पुरुष आणि काळ

‘मी मेलो’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी वाच्यार्थाने ते कोणालाही उच्चारता येत नाही. बोलणारा मेला असेल तर वाक्य संभवत नाही. वाक्य संभवले तर बोलणारा मेलेला नाही. भयाने, थकव्याने किंवा लटक्या तक्रारीच्या सुरात ते बोलले जाते खरे. परंतु तेव्हा तो केवळ लक्षणेचा व्यापार असतो. १९९० नंतरच्या मराठी मुलांनी मात्र हे वाक्य लक्षणेच्या आडोशाशिवाय, वस्तुस्थितीचे साधे निवेदन म्हणून, एकेका दुपारी पन्नास-पन्नास वेळा वापरले. दूरचित्रवाणी संचाला जोडलेल्या खेळात टोपीवाला मारिओ दरीत पडला, की रिमोट हाती असलेला मुलगा ‘मेलो’ म्हणे. ‘मारिओ मेला’ असे म्हणणारा सहसा खेळणारा नसे. तो शेजारी बसून पाहणारा असे.

या ‘मेलो’चा कर्ता कोण, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु मराठी क्रियापद येथे प्रथम पुरुषातही कर्त्याचे लिंग सांगत असल्यामुळे त्याचे उत्तर भाषेतच मिळते. इंग्रजीला ही सोय नाही. मारिओ हा मिशाळ पुरुष. तरी त्याला खेळवणारी मुलगी ‘मी मेले’ असेच म्हणते. उलट १९९६ साली निघालेल्या ‘टूम रेडर’ची नायिका लारा क्रॉफ्ट ही स्त्री, तिला कड्यावरून पाडणारा मुलगा ‘मी मेलो’ म्हणतो, ‘मेले’ म्हणत नाही. रंगभूमीवर याच्या नेमके उलट घडते. ‘एकच प्याला’मध्ये सिंधूच्या भूमिकेत उभे राहिलेले बालगंधर्व स्त्रीलिंगी क्रियापदेच बोलत, तेथे नटाने आपले व्याकरणातले लिंग पात्राच्या स्वाधीन केलेले असते. खेळणारा ते करीत नाही. नाट्यानुभवाच्या संदर्भात तादात्म्याची जी कल्पना मांडली जाते, ती व्हिडिओ खेळांना सरसकट लावण्याची प्रथा आहे, आणि या एका क्रियापदावर ती अडखळते. तादात्म्य पूर्ण असते, तर क्रियापदाने पात्राचे लिंग घेतले असते. खेळणारा पात्र होत नाही. पात्राचे मरण तो स्वतःच्या नावावर मांडून घेतो, इतकेच म्हणता येईल.

व्हिडिओ खेळांविषयीच्या समीक्षेचे लक्ष अशा बारकाव्यांकडे फारसे गेलेले नाही, कारण तिचा बराच काळ वेगळ्याच वादात गेला. व्हिडिओ खेळ ही कला होऊच शकत नाही, असे अमेरिकन चित्रपट-समीक्षक रॉजर इबर्ट यांनी २०१० साली लिहिले. खेळांचा पुरेसा अनुभव नसताना हे मत द्यायला नको होते, अशी कबुलीही त्यांनी त्याच वर्षी दिली. २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ‘पॅकमॅन’ आणि ‘टेट्रिस’ यांसह चौदा खेळ आपल्या संग्रहात घेतले, तेव्हा तो वाद निदान व्यवहारात मिटला. दुसरा वाद अभ्यासकांमधला. जॅनेट मरी यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात ‘टेट्रिस’मध्ये कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या अमेरिकन जीवनाची कथा वाचली. वस्तुतः हा खेळ १९८४ साली मॉस्कोमध्ये अलेक्सी पाजित्नोव यांनी रचलेला. खेळाला कथेच्या चौकटीत कोंबण्याचा हा अट्टाहास आहे, असा प्रखर आक्षेप मार्कू एस्केलिनेन यांनी २००१ साली घेतला. खेळ ही कथा की नियमांची रचना, हा तो वाद. दोन्ही पक्षांनी खेळ हीच अभ्यासवस्तू मानली. खेळून झाल्यावर, वर्षांनी, माणसे त्याविषयी एकमेकांशी जे बोलतात ते स्मरणरंजन म्हणून बाजूला पडले. परंतु खेळाचा आकृतिबंध त्या बोलण्याच्या व्याकरणात उतरलेला असतो आणि तेथे तो पडद्यावरच्याहूनही स्पष्ट दिसतो. ‘आवडता खेळ कोणता?’ या प्रश्नाला मिळणारी उत्तरे त्या दृष्टीने ऐकण्यासारखी आहेत.

जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या ‘फॅमिकॉम’ यंत्राच्या स्वस्त नकला १९९० च्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत आणि पाठोपाठ तालुक्याच्या गावांत पोचल्या. यंत्रालाच ‘व्हिडिओ गेम’ म्हणत. खेळाच्या खोक्याला ‘कॅसेट’ म्हणत. कॅसेटच्या वेष्टनावर ‘९९९९ खेळ’ अशी ग्वाही असे आणि आत तेच दहावीस खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा येत. या खेळांबरोबर आलेला शब्दसंग्रह तपासला, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. नामे जवळजवळ सगळी परकी आहेत : लाइफ, स्टेज, लेव्हल, बॉस, गेम ओव्हर. क्रियापदे मात्र देशी राहिली. ‘एक लाइफ गेली’, ‘दोन लाइफ उरल्या’ असे म्हणणारा मुलगा ‘डाय झालो’ असे त्या काळी म्हणत नसे. तो ‘मेलो’च म्हणे. नाम घेणे आणि क्रियापद न घेणे ही भाषांच्या उसनवारीतली नेहमीची रीत असली, तरी येथे तिला आणखी एक कारण आहे. हे क्रियापद खेळाच्या अर्थाने मराठीत आधीपासूनच नांदत होते.

हुतूतूच्या मैदानावर गडी ‘मरत’ असे आणि ‘जिवंत’ होत असे. त्या खेळाचे जे प्रकार पुढे कबड्डीच्या नियमांत नोंदले गेले, त्यांची नावेच बोलकी आहेत. ‘संजीवनी’ प्रकारात प्रतिपक्षाचा एक गडी मारला, की आपला एक मेलेला गडी उठतो. ‘गामिनी’त मेलेला गडी परत येत नाही, सगळा संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच बसतो. ‘अमर’ प्रकारात स्पर्श झालेला गडी बाहेर जातच नाही. गुण तेवढा नोंदला जातो आणि गडी खेळत राहतो. व्हिडिओ खेळांतील मरणाचे जे प्रकार विद्वानांनी पुढे परिश्रमपूर्वक वर्णिले, त्यांचा गाभा या तीन नावांत आलेला आहे. बुद्धिबळात प्यादे मरते, सोंगट्यांच्या पटावर सोंगटी मरते. पण तेथे मरणारी वस्तू खेळणाऱ्याच्या बाहेरची. हुतूतूत मरणारा स्वतः गडी असतो, आणि म्हणूनच ‘मी मेलो’ हे वाक्य तेथे प्रथम संभवले. मैदानावरचे क्रियापद मुलांनी उचलून पडद्यासमोर आणले. त्यासाठी कोणाला काही शिकवावे लागले नाही.

या ‘मेलो’चा आणखी एक व्यापार होता. घरात यंत्र एक, रिमोट दोन, आणि मुले पाच-सहा. म्हणून नियम असा की मेला त्याने रिमोट पुढच्याला द्यायचा. ‘मेलो’ हा उच्चार म्हणजे निवेदन तर खरेच, पण त्याच क्षणी ते हस्तांतरणही होते. ‘मी मेलो’ याचा अर्थ ‘आता तुझा चान्स’ असा होई. आणि जो ‘मेलो’ म्हणायला कुरकुर करी त्याला चिडका ठरवले जाई. नाणे टाकून खेळायच्या मूळच्या यंत्रांत मरणाशी पैसा बांधलेला होता : १९८० चा ‘पॅकमॅन’ घ्या, खेळणारा जितक्या लवकर मरे तितक्या लवकर दुसरे नाणे पडे. नकलांच्या यंत्राने तेच मरण घरात आणले तेव्हा नाण्याची जागा पाळीने घेतली. ‘काँट्रा’च्या १९८८ मधील घरगुती आवृत्तीत याहून पुढची सोय होती. दोघे मिळून खेळताना एकाच्या लाइफ संपल्या, तर तो जोडीदाराच्या शिल्लक लाइफमधून एक घेऊ शके. ‘एक लाइफ दे ना’ या विनवणीवर झालेली भांडणे आणि उपकार आज चाळिशीत असलेल्यांना जितके आठवतात, तितका त्या खेळातला शेवटचा शत्रू आठवत नाही.

आता काळाकडे वळू. ‘मेलो’ हे लाख्यात. घडून संपलेल्या एकेका घटनेचे. परंतु जुन्या खेळांची आठवण सांगताना क्रियापद जवळजवळ हमखास चाख्यातात जाते : ‘खेळायचो’, ‘मरायचो’, ‘कॅसेट काढून फुंकायचो’. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ला किती वाक्ये लाभली आणि त्यांपैकी किती रीतिभूतकाळात आहेत, हे कोणीही आपल्या परिचितांत पडताळून पाहावे. ‘एकदा काय झाले’ असा प्रारंभ तेथे क्वचितच होतो. याचे कारण खेळाच्या घडणीत आहे. त्या खेळात प्रगती जपून ठेवण्याची सोय नव्हती. सगळ्या लाइफ संपल्या, की सामान्यतः पुन्हा पहिल्या पातळीपासून. त्यामुळे पहिली पातळी हजार वेळा खेळली गेली आणि शेवटची थोड्यांनीच पाहिली. हजार सारख्या दुपारींची आठवण एका दुपारीच्या आकारात साठवायची, तर भाषेपाशी त्यासाठी चाख्यातच आहे. ‘टेट्रिस’च्या बाबतीत, ज्याला महाराष्ट्रातील मुले हातातल्या स्वस्त यंत्रामुळे ‘ब्रिक गेम’ म्हणूनच ओळखत, सांगण्यासारखी घटनाच नसते. तेथे मरायलाही कोणी नाही. तरी विटा वरपर्यंत पोचल्या की खेळणारा ‘गेलो’ म्हणतोच.

या रीतिभूतकाळाला जोडून सर्वनामाचा एक प्रश्न येतो, आणि आठवणी ‘वाटून घेणे’ म्हणजे नेमके काय, ते तेथे कळते. मराठीत ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते, ‘आपण’ त्याला आत घेते. दोन अनोळखी माणसे, एक सोलापूरचा, एक डोंबिवलीचा, ‘काँट्रा’विषयी बोलू लागतात. पहिली वाक्ये ‘आम्ही’ची असतात : आम्ही सुट्टीत खेळायचो, आम्ही भाड्याने आणायचो. मग वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे या बटणांच्या क्रमाचा विषय निघतो, ज्याने तीन लाइफच्या तीस होत. दोघेही तो क्रम बोटांनी हवेत दाबून दाखवतात, आणि पुढचे वाक्य ‘आपण’ने सुरू होते. ‘आपण ते दाबायचो ना!’ हे विधान तथ्य म्हणून असत्य आहे. हे दोघे एकत्र कधी बसलेच नव्हते. परंतु भाषा त्याला हरकत घेत नाही. खेळ दोन्ही घरी अक्षरशः एकच होता, शत्रू त्याच झुडपामागून त्याच क्षणी येत होता, आणि दोघांच्याही आठवणीतून तारीख गळून पडली होती. घटनेला तारीख आणि स्थळ असते. रिवाजाला नसते, म्हणून तो वाटून घेता येतो.

नव्या, कथाप्रधान खेळांच्या आठवणीचे व्याकरण निराळे आहे. २०१८ च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या खेळाचे उदाहरण येथे सर्वांत उपयोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या अमेरिकेतील आर्थर मॉर्गन या दरोडेखोराला खेळणारा पन्नास-साठ तास चालवतो. या तासांत तो अनेकदा गोळीला बळी पडतो, घोड्यावरून कोसळतो, आणि प्रत्येक वेळी ‘मेलो’ म्हणून थोड्या अलीकडून पुन्हा सुरू करतो. मात्र कथेत आर्थरला क्षयाची बाधा झालेली असते आणि अखेरीस त्याचा अंत होतो. भलेपणाने खेळलेल्याच्या वाट्याला सूर्योदय पाहत येणारे मरण येते. या मरणाविषयी मात्र ‘मी मेलो’ असे कोणी म्हणत नाही. ‘आर्थर मेला’ असेच म्हणतात. आणि पुढचा भाग जॉन मार्स्टन या दुसऱ्या पात्राच्या रूपाने खेळायचा असल्याने ‘मग मी जॉन झालो’ असेही म्हणतात. एकाच खेळात, एकाच देहाला, दोन मरणे आणि दोन पुरुष! परत फिरवता येणारे मरण प्रथम पुरुषात, न फिरवता येणारे तृतीय पुरुषात. तृतीय पुरुष हा वस्तुतः पुरुषच नव्हे, संवादात नसलेल्याची ती जागा आहे, असे एमिल बेनव्हेनिस्ट यांनी १९४६ साली प्रतिपादन केले होते. आर्थर त्या जागेत जातो म्हणूनच त्याच्यासाठी शोक करता येतो. १९९७ च्या ‘फायनल फँटसी ७’मधील एअरिथच्या मृत्यूने हीच गोष्ट वीस वर्षे आधी केली होती. ते मरण मागे घेण्याचा काही छुपा मार्ग खेळात असलाच पाहिजे, या समजुतीने अनेकांनी पुढे कितीतरी शोध केला. संजीवनीची सवय लागलेल्यांना गामिनी पटली नाही, असे याचे मराठीत वर्णन करता येईल.

अशा खेळाची आठवण साध्या भूतकाळात येते, तिला क्रम असतो, ती एकट्याची असते. ती वाटून घेण्यापूर्वी विचारावे लागते : ‘तुझा पुरा झाला का?’ झाला नसेल तर सांगणे हा अपराध, ‘स्पॉइलर’. जुन्या खेळात बटणांचा गुप्त क्रम सांगणारा मुलगा गल्लीत मान मिळवी. नव्या खेळात शेवट सांगणारा मैत्री गमावतो. हा फरक शिष्टाचाराचा वाटला, तरी मुळात तो क्रियापदाचा आहे. रिवाज सांगितल्याने कमी होत नाही. घटना पहिल्यांदा एकदाच घडते.

या फरकावरून समीक्षेत एक मूल्यविवेक रूढ झाला आहे : जुन्या खेळांची आठवण ही बालपणाची हळहळ, नव्यांची आठवण हा खरा कलानुभव. हा निवाडा मान्य होण्यासारखा नाही. कथाप्रधान खेळाची स्मृती कादंबरीच्या स्मृतीसारखी असते, आणि कादंबरीची समीक्षा करण्याची साधने हाताशी असल्यामुळे समीक्षकाला ती मोलाची वाटते. चाख्यातात काहीच घडत नाही, म्हणून त्यात काही नाही, असे तो समजतो. परंतु चाख्यातात खेळापेक्षा माणसे अधिक आहेत : रिमोट कोणाकडून कोणाकडे जाई, कोण लाइफ देई, कोण नाकारी, वीज गेल्यावर कोण घरी जाई. आर्थरच्या मरणाच्या आठवणीत, त्या वेळी खोलीत दुसरे कोण होते याचा उल्लेख सहसा नसतो. बहुधा दुसरे कोणी नव्हतेच.

यावर एक आक्षेप सहज घेता येईल, आणि तो दुबळा नाही. बालपण कोणत्याही विषयाचे असो, ते ‘करायचो’ आणि ‘जायचो’ याच रूपांत आठवते. मग खेळाच्या घडणीला श्रेय कशासाठी? नव्या पिढीची भाषा ऐकली, तर या आक्षेपाचे अंशतः निरसन होते. २०१८ साली आलेला ‘पबजी मोबाइल’ महाराष्ट्रातील महाविद्यालयीन तरुणांनी बालपण ओलांडल्यावर खेळला. भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी त्यावर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला त्याची येथील सेवा थांबली. त्याची आठवण ‘पोचिंकीत उतरायचो’ अशीच निघते. पोचिंकी हे त्या खेळाच्या नकाशावरील एक काल्पनिक गाव. परंतु ज्यांनी परस्परांना कधी पाहिले नाही असे दोन तरुण तिथल्या घरांविषयी आजोळच्या वाड्याविषयी बोलावे तसे बोलतात, आणि तेही ‘आम्ही’वरून ‘आपण’वर येतात. जखमी झालेला गडी त्या खेळात तत्काळ मरत नाही. ‘नॉक’ होतो, आणि सोबत्याने वेळेत येऊन त्याला उठवायचे असते. ‘नॉक झालो, रिव्हाइव कर’ ही हाक म्हणजे ‘एक लाइफ दे ना’चीच पुढली पिढी. क्रियापद येथे अखेर परके झाले, हे मात्र खरे. म्हणजे भेद जुन्या आणि नव्या खेळांचा नाही. तो पुनरावृत्तीच्या आणि कथनाच्या खेळांचा आहे, आणि ‘जुने ते सोने’ म्हणणारेही तितकेच चुकतात. आक्षेपातील उरलेला अंश, वयाचा, मान्यच करावा लागेल. प्रौढपणी एकट्याने ‘टेट्रिस’ खेळणाऱ्याच्या बोलण्यात चाख्यात कमी आढळते, वर्तमानकाळच अधिक.

ज्या वस्तूंना या आठवणी चिकटल्या आहेत त्या किती टिकतील, हा प्रश्न वेगळा. पण त्याचा व्याकरणाशी संबंध आहे. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के खेळ आज बाजारात रीतसर मिळत नाहीत, असे व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली जाहीर केले. तरीही कॅसेटवरचे खेळ नकला आणि अनुकरण-प्रणाली यांच्या आधारे उभे राहू शकतात. ज्या चोरट्या कॅसेटींवर मराठी मुले वाढली, त्या बेकायदा असल्या तरी जतनाचे कामही त्यांनी नकळत केले. केवळ दूरच्या सर्व्हरवर जगणाऱ्या खेळांना ती सोय नाही. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४ चा मोटारींचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर थांबताच, विकत घेतलेल्यांसाठीही नाहीसा झाला. ‘खेळायचो’ या रूपात एरवी रिवाज हळूहळू विरल्याची सूचना असते. शेवटचा दिवस कोणता, ते कोणाला आठवत नाही. अशा खेळांच्या बाबतीत त्या चाख्यातालाही तारीख मिळाली.

उलट प्रयोगही झाला आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा २००४ चा खेळ पुढे इतका बदलला, की जुन्या खेळाडूंच्या आग्रहावरून कंपनीने ऑगस्ट २०१९ मध्ये त्याचे जुने रूप ‘क्लासिक’ नावाने पुन्हा सुरू केले. डोंगर, गावे, नियम परत आले. परंतु पंधरा वर्षांत प्रत्येक कोपऱ्याची माहिती लिहून ठेवली गेली होती. वाट विचारण्यासाठी आता अनोळखी माणसाला थांबवण्याची गरज उरली नव्हती. खेळ परत मिळाला. त्यात एकमेकांना विचारणे मिळाले नाही.

संग्रहालये पडदा, प्रणाली आणि यंत्र जपतात. हुतूतूचे शब्द टिकले, कारण कबड्डीचे नियम लिहिताना ते कोणीतरी कागदावर घेतले. मराठी घरांत पडद्यासमोर बोललेले शब्द कोणत्याही नियमपुस्तिकेत नाहीत. लाइफ हा शब्द स्त्रीलिंगी कसा झाला, चिडक्याला काय म्हणत, मेल्यानंतर रिमोट देण्याचे नियम गल्लीगल्लीत कसे बदलत, हे सांगू शकणारी माणसे आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांच्या मुलांना ‘कॅसेट फुंकणे’ म्हणजे काय, हे आताच समजावून सांगावे लागते.